पिवळा दिवा काय सांगतो?



आज मी गाडीच्या एका दिव्याविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, मास्तरांना गाडीतले काय कळते? खरे आहे. मी मेकॅनिक नाही. पण जे घडले ते मी पाहिले. जे समजले नाही ते जाणकारांना विचारून घेतले. तेच तुम्हांला सांगतो.

माझ्या पुतण्याने कर्ज काढून पिकअप घेतली. अक्कलकुव्याहून मोलगीला तो माल ने-आण करतो. उन्हाळ्यात आमचुराच्या गोण्या, पावसाळ्यात खत-बियाणे. मध्ये देवगोईचा घाट. तिथली वळणे आणि उतार तुम्हांला ठाऊकच आहेत.

एके दिवशी घाटात गाडीचा पिवळा दिवा लागला. तो एबीएसचा दिवा. एबीएस म्हणजे काय? जोराचा ब्रेक मारला की चाक जागीच अडकते आणि गाडी घसरते. मग स्टिअरिंग फिरवले तरी गाडी वळत नाही. तसे होऊ नये म्हणून गाडीतला छोटा संगणक ब्रेकचा दाब क्षणात सोडतो, क्षणात धरतो.

पण चाक अडकले हे त्याला कळते कसे? चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. काही गाड्यांत दात्यांऐवजी चुंबकाची कडी असते. त्याच्याजवळ सेन्सर बसवलेला असतो. कडे फिरले की सेन्सर वायरीतून खुणा पाठवतो. खुणा भरभर आल्या, तर चाक भरभर फिरते आहे.

शाळेत मी हजेरी घेत असे, तसेच हे आहे बरं का! संगणक सारखी चाकांची हजेरी घेतो. एका चाकाने ‘हजर’ म्हटले नाही, की तो दिवा लावतो आणि कोड लिहून ठेवतो.

पुतण्या गॅरेजात गेला. तिथे स्कॅनर लावला. कोड आला. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर, असा त्याचा अर्थ निघाला. गॅरेजवाल्याने लगेच नवा सेन्सर घातला. पैसे गेले. दुसऱ्या दिवशी घाटात दिवा पुन्हा लागला!

कुणी म्हणाले, “त्या दिव्याची वायरच काढून टाक.” पुतण्या मला विचारायला आला. “काका, काढू का?” मी म्हटले, “अरे, पोरगा रडतो म्हणून त्याचे तोंड बांधायचे का?”

मग आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीला हातही लावला नाही. आधी विचारले, “दिवा लागतो कधी?” पुतण्या विचार करून म्हणाला, “दादा, पूर्ण वळण घेतले की लागतो.” मिस्त्रीने स्टिअरिंग पूर्ण वळवले आणि बॅटरी घेऊन चाकामागे पाहिले. वायर धरून ठेवणारी क्लिप कुणीतरी परत बसवलीच नव्हती. चाक वळले की कपलरच्या मागच्या वायरीला हिसका बसे. वरून ती धड दिसत होती. आत तांबे तुटले होते. सेन्सर बिचारा निर्दोष!

मुलगा गैरहजर असला की आपण त्याचे नाव कापत नाही. आधी घरी जाऊन चौकशी करतो. कोडचेही तसेच. कुठे पाहायचे ते तो सांगतो. काय फेकायचे ते सांगत नाही.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा.

चावी फिरवल्यावर हा दिवा थोडा वेळ लागतो आणि विझतो. ते ठीक. विझला नाही, तर दोष आहे. साधा ब्रेक बहुधा चालतो, पण चाक अडकू शकते. गाडी हळू चालवा आणि लवकर दाखवा. ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर सुरक्षित जागी थांबा. ब्रेक ऑइल पाहा. तशी गाडी घाटात नेऊ नका.

कोड स्वतः वाचा आणि कागदावर उतरवून घ्या. एक अक्षर आणि पुढे चार खुणा असतात. पहिले अक्षर ‘सी’ असेल, तर दोष ब्रेक, चाके, स्टिअरिंग यांच्या बाजूचा. पुढच्या आकड्यांचा अर्थ त्याच गाडीच्या पुस्तकात पाहावा. डावे-उजवे मात्र चालकाच्या जागी बसून ठरवायचे. समोर उभे राहून नव्हे.

मग त्या चाकाजवळ पाहायला सांगा. वायर घासली का? कपलरमध्ये पाणी शिरले का? सेन्सरवर चिखल किंवा लोखंडाचा कीस चिकटला का? कड्याचा दाता मोडला का? बेअरिंग ढिले झाले का? नवे बेअरिंग उलटे बसले, तरी चुंबकाच्या कडीची खूण मिळत नाही.

जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये तारेचे वेटोळे असते. त्याचा ओहमचा आकडा मीटरने मोजून दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून पाहता येतो. नव्या पद्धतीच्या सेन्सरला ओहमची मोजणी लावू नये. त्याला वीज पोचते का ते पाहावे.

शेवटी मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी हळू चालवावी. शेजारी बसलेल्याने स्कॅनर पाहावा. चारही चाकांचा वेग जवळजवळ सारखा दिसला पाहिजे. एकच मागे पडला, तर दोष तिकडे.

एवढे करून सेन्सरच वाईट निघाला, तर जरूर बदला. जुना सेन्सर मागून घ्या. कोड पुसून गाडी पुन्हा फिरवून पाहा.

पुतण्याची वायर जोडली, क्लिप बसली. दिवा विझला, तो आजपर्यंत लागला नाही. आता त्याच्या गाडीत एक वही असते. दिवा कधी लागला, कोड काय आला, काम काय केले, सारे तो तारखेसह लिहितो. तुम्हांलाही आता अक्षरे येतात, आकडे येतात. तुम्हीही अशी वही ठेवा. लिहिलेला कागद पुढे केला, की उगाच भाग बदलायला कुणी सहसा धजत नाही.