आरोग्याच्या महाजालात आप्त कोण?

(एका उपनगरातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्यवसायाने मी पत्रकार. शिक्षण कला शाखेचे. वैद्यकाची पदवी माझ्यापाशी नाही. तेव्हा आरोग्यविषयक माहितीवर बोलण्याचा याला अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. माझा अधिकार एका चुकीतून आलेला आहे. ती चूक प्रथम सांगतो.

पत्रकारितेत मी नवखा होतो, तेव्हाची ही गोष्ट. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीचे पान रात्री लावत होतो. पानाच्या तळाशी चार-पाच ओळींची जागा रिकामी राहिली. समोर कुठल्याशा नियतकालिकाचा अंक पडला होता. त्यात एका पाल्याच्या रसाने मधुमेह मुळापासून बरा होतो, असा मजकूर होता. मी तो उचलला, चौकटीत बसवला आणि पान छपाईला सोडले. काही महिन्यांनी एक निवृत्त शिक्षक कार्यालयात आले. पायाला पट्टी होती. त्यांनी खिशातून ते कात्रण काढले, नीट घडी घालून जपून ठेवलेले. ही चौकट वाचून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. पायाची जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. ते तक्रार करायला आले असते तर मला सोपे गेले असते. ते म्हणाले, “यात रसाचे प्रमाण लिहिलेले नाही. माझेच काही चुकले असेल, म्हणून विचारायला आलो.”

छापून आले आहे म्हणजे खरेच असणार, ही त्यांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेला पात्र ठरण्याचे कष्ट मी घेतले नव्हते.

मित्रहो, त्या काळी अशी चौकट लावण्याची संधी फार थोड्यांना मिळे. आज ती प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनीत आहे. सकाळी सुप्रभात म्हणताना आपण नकळत कोणाच्या तरी गोळ्या बंद करत असतो. म्हणून महाजालावरील आरोग्यविषयक माहिती पारखायची कशी, हा विषय मी आज निवडला.

चरकाचार्यांची कसोटी

ही पारख आपल्याला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सत्य तपासण्याची चार प्रमाणे सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. त्यांतील आप्त म्हणजे केवळ वडीलधारा किंवा प्रसिद्ध माणूस नव्हे. रज आणि तम यांपासून मुक्त, म्हणून ज्याच्या बोलण्यात संशयाला जागा नाही, तो आप्त. विमानस्थानात तर वैद्यकाच्या विद्यार्थ्याला बजावले आहे की जगात अनेक शास्त्रग्रंथ प्रचारात आहेत, तेव्हा कोणता घ्यायचा हे आधी पारखून घ्यावे. त्या काळी ग्रंथ अनेक होते, आज संकेतस्थळे अगणित आहेत. प्रश्न तोच आहे.

आजच्या भाषेत मी ही कसोटी चार प्रश्नांत मांडतो. हे कोण सांगतो आहे? केव्हा सांगितले? कशाच्या आधारावर? आणि मी विश्वास ठेवला तर लाभ कोणाचा? ज्या पानावर लेखकाचे नाव नाही, दिनांक नाही, आधार नाही, आणि शेवटी मात्र औषधाची बाटली मागवण्याची सोय आहे, ते पान आप्त नव्हे. आपला कायदाही येथे मदतीला येतो. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मधुमेह, कर्करोग, अपस्मार, मोतीबिंदू अशा आजारांवरील इलाजांचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. म्हणजे “मधुमेह कायमचा बरा” असे ओरडणारी जाहिरात दिसली, की ती खरी की खोटी या वादात शिरण्यापूर्वीच ती बेकायदा असल्याचे आपल्याला कळते.

शोधायचे कोठे?

शोधयंत्रात प्रश्न टाकून वर येईल ते वाचणे, ही आपली सवय. पण वर येणारे पान सर्वांत खरे असते असे नाही. पैसे देऊन वर आणलेले असू शकते. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सहायक सफाईदार मराठीत उत्तर देतात. त्यांच्याकडून आधार जरूर मागावा, पण तो स्वतः उघडून पाहावा. कारण अस्तित्वात नसलेले संदर्भही ते कधीकधी तितक्याच आत्मविश्वासाने देतात.

त्याऐवजी थेट योग्य दारी जावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९८ मध्ये सामान्य माणसासाठी ‘मेडलाइनप्लस’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे जाहिराती नाहीत. औषधाचा उपयोग, दुष्परिणाम आणि घ्यायची काळजी सोप्या इंग्रजीत दिलेली असते. मात्र तेथे कंपनीचे नाव न टाकता औषधाचे मूळ नाव टाकावे. ते गोळ्यांच्या पाकिटावर छापलेले असते. त्याच ग्रंथालयाच्या ‘पबमेड’मध्ये साडेतीन कोटींहून अधिक वैद्यकीय लेखनोंदी आहेत. आपल्या देशात कोणत्या औषधाची माणसांवर चाचणी चालू आहे हे पाहायचे असेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या छत्राखाली २००७ पासून चालणारी चिकित्सा चाचण्यांची नोंदवही सर्वांसाठी खुली आहे. “आमच्या औषधाच्या चाचण्या झाल्या आहेत” असे कोणी म्हणाले, तर नोंदणी क्रमांक विचारावा. खरी चाचणी केलेल्या माणसाला हा प्रश्न खटकणार नाही.

नुसत्या शिक्क्यावर मात्र विसंबू नये. जिनिव्हा येथील एक संस्था १९९६ पासून विश्वासार्ह आरोग्य संकेतस्थळांना ‘हॉनकोड’ नावाचे मानचिन्ह देत असे. २०२२ मध्ये ते काम थांबले. जुन्या पानावर ते चिन्ह आज दिसले, तरी त्यामागे पाहणारे कोणी उरलेले नाही.

एक लेख म्हणजे सत्य नव्हे

येथे एक सावधगिरी. नामांकित नियतकालिकात छापलेला लेखही अंतिम नसतो. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित ब्रिटिश नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा लेख आला. अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणांवरून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडण्यात आला. पुढे त्यातील गैरप्रकार उघडकीस आले आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला. पण मधल्या १२ वर्षांत भीती घरोघर पोहोचली होती आणि आजही ती फिरतेच आहे. पबमेडवर त्या लेखाच्या नोंदीवर तो मागे घेतल्याचे स्पष्ट लिहिले आहे. फिरत्या संदेशावर ते लिहिलेले नसते.

म्हणून एका अभ्यासापेक्षा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी अधिक मोलाची. आर्ची कॉक्रेन या ब्रिटिश वैद्यांच्या नावाने १९९३ मध्ये उभी राहिलेली संस्था हेच काम करते. तिच्या ग्रंथालयातील छाननीलेखांना सामान्य वाचकासाठी सोप्या भाषेतील सारांश जोडलेला असतो. अनेकदा त्यात “पुरेसा पुरावा नाही” एवढेच लिहिलेले आढळते. ते वाचून निराश होऊ नये. नाही त्याला नाही म्हणण्याचा हा प्रामाणिकपणाच आप्ताचे लक्षण आहे.

आपल्याला आवडणारा दावा

आता थोडे कठोर बोलतो. परक्याचा दावा तपासणे सोपे असते. खरी परीक्षा आपल्या आवडीच्या दाव्याची असते. आयुर्वेदाविषयी आपणा सर्वांच्या मनात आदर आहे, माझ्याही आहे. म्हणूनच हे बोलणे आवश्यक वाटते.

करोनाकाळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असे सांगितले. पुढच्या वर्षी देशातील अनेक रुग्णालयांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. त्यांतील बऱ्याच जणांना यकृताचा विकार आधीपासून होता. माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी यातली एकच बाजू वाचली, ज्याला जी आवडली ती. दोन्ही वाचल्या असत्या तर एक साधा शहाणपणाचा निष्कर्ष हाती आला असता : यकृताचा आजार असलेल्याने वैद्याला विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये, आणि बाजारातून आणलेली प्रत्येक वेल गुळवेलच असते असे धरू नये.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूने आपल्या पत्नीचा कर्करोग आहार, हळद, कडुनिंब यांमुळे बरा झाल्याचे सांगितले. ते ऐकून रुग्ण उपचार सोडतील या काळजीने टाटा स्मारक रुग्णालयातील आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सही करून निवेदन काढले. या पदार्थांवर संशोधन चालू आहे, पण कर्करोगावर ते वापरावेत असे म्हणण्याइतकी माहिती आज नाही, सिद्ध उपचारांना विलंब लावू नका, असा त्याचा आशय होता. त्या बाईंवर शस्त्रक्रिया आणि रसायनोपचार झाले होते, ही गोष्ट चित्रफितीइतकी दूरवर गेली नाही.

आणि तपासणीने परंपरेचा मान कमी होतो असे कोणी म्हणेल, तर त्यांना सर्पगंधेची कथा सांगावी. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा दिली, रक्तदाबाची मोजमापे ठेवली आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साऱ्या जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या वनौषधीला जगाने मान दिला तो मोजमाप ठेवले म्हणून. आणि त्याच मोजमापांतून तिचे दोषही कळले : तिच्यापासून मिळणाऱ्या औषधाने काही रुग्णांना खिन्नता येते. म्हणून ती परसातून तोडून खाण्याची वस्तू नव्हे.

घरी एवढे करावे

शेवटी दोन-तीन गोष्टी. आलेला आरोग्यसंदेश पुढे पाठवण्यापूर्वी ते चार प्रश्न विचारा; उत्तर मिळाले नाही तर तो तेथेच थांबवा. ज्येष्ठांना इंग्रजीची अडचण असेल तर नातवंडांना शेजारी बसवा. त्यांनाही वाचण्याची शिस्त लागेल. वाचलेल्यातून प्रश्न कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांकडे न्या. महाजालावरचे वाचन डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारता यावेत यासाठी असते. चालू औषध मात्र वाचून कधीही थांबवू नका. छातीत कळ, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसली तर वाचत बसू नका, रुग्णालय गाठा.

ते कात्रण मी त्या शिक्षकांकडून मागून घेतले होते. ते अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. आरोग्याविषयी काही लिहायचे असले की आधी ते काढून पाहतो. आपणही, ‘पुढे पाठवा’ या खुणेवर बोट ठेवण्याआधी, पलीकडे गोळ्यांची डबी हातात घेऊन बसलेला कोणीतरी आपल्यावर विश्वास ठेवून वाचतो आहे, याचे स्मरण ठेवावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.