नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या मुली
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही. बँकेत कारकून आहे. पण लोक अर्ज कसे भरतात आणि कुठे फसतात, हे काउंटरवर बसून वीस वर्षे पाहतो आहे. तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

मध्यंतरी ओळखीच्या एक काकू बँकेत आल्या. मुलगी अमेरिकेत, जावई एच-१बी व्हिसावर, मुलगी एच-४ वर. एच-४ म्हणजे नवऱ्याच्या आधारावर मिळालेला व्हिसा. राहता येते, शिकता येते, पण वेगळी परवानगी मिळाल्याशिवाय नोकरी करता येत नाही. मुलगी एम.कॉम. घरात बसून कंटाळली आणि तिथल्या एका भारतीय किराणा दुकानात चार महिने, आठवड्यातून तीन दिवस, रोखीने काम केले. आता नवऱ्याबरोबर ग्रीन कार्डाचा अर्ज भरायचा आहे. त्यात सरळ प्रश्न आहे: परवानगीशिवाय कधी काम केले का? काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, 'नाही' लिहिलं तर कुठे कळतंय? रोखच तर होती."

मंडळी, हा सल्ला तिला अमेरिकेत कोणी दिला नव्हता. तो इंदुरातून, फोनवरून, आपणच दिला होता.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. नवरा अमेरिकेचा नागरिक असेल आणि बायको रीतसर तपासणी होऊन देशात आली असेल, तर तिथेच राहून पत्नी म्हणून ग्रीन कार्ड मागताना परवानगीशिवाय केलेले काम आड येत नाही. नवऱ्याच्या नोकरीतून अर्ज असेल, आपल्या बहुतेक घरांत हाच प्रकार असतो, तर शेवटच्या कायदेशीर प्रवेशापासून एकूण १८० दिवसांपर्यंतची चूक चालवून घेतात. मात्र मोजणी कडक आहे. तीनच दिवस जात होती म्हणून तीनच दिवस धरत नाहीत, मधले सगळे दिवस धरतात. काकूंच्या मुलीचे चार महिने म्हणजे साधारण १२० दिवस. म्हणजे ती मर्यादेच्या आत होती! १८० च्या वर गेले तर तिथून अर्ज करता येत नाही, मुंबईच्या वकिलातीत यावे लागते. अवंतिका एक्सप्रेस आपल्याला नवीन नाही, पण राहण्याची मुदत संपूनही कोणी सहा महिन्यांच्या वर राहिले असेल, तर देश सोडताच तीन वर्षांची आणि एका वर्षाच्या वर राहिले असेल तर दहा वर्षांची बंदी लागते. हा १९९६ चा कायदा आहे.

आणि 'नाही' लिहिले असते तर? खोटे सांगून फायदा मागितला म्हणून जन्माची बंदी. सूट मागता येते, पण तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या नवऱ्याला वा आईवडिलांना अतोनात त्रास होईल, हे सिद्ध करावे लागते. एच-१बीवरचा नवरा त्यात बसतच नाही. आणखी एक. नोकरी लागताना तिथे एक फॉर्म भरून घेतात, त्यात 'मी नागरिक आहे' अशी एक चौकट असते. तिथे खोटी खूण केली तर ग्रीन कार्डाचा रस्ता जवळजवळ संपलाच.

आमच्याकडे कर्जाच्या अर्जात माणूस जुने थकलेले कर्ज लिहितो, तेव्हा साहेब चार प्रश्न जास्त विचारतात, पण फाइल सरकते. तेच लपवले आणि सिबिलमध्ये निघाले, की फाइल बंद. कर्ज लाखाचे असो की दहा हजारांचे.

हे फक्त अमेरिकेचे नाही. डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या मराठी राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली. आरोप होता घरकामाच्या बाईच्या व्हिसा अर्जात पगाराचा आकडा खोटा दिल्याचा, आणि त्यांनी तो नाकारला. आपण सगळे चिडलो, आणि बरोबर चिडलो. पण त्याच वेळी आपल्या सरकारने दिल्लीच्या अमेरिकन शाळेची चौकशी सुरू केली, तेव्हा काय निघाले? नव्या शिक्षक जोडप्यांना शाळेचा सल्ला असे की नवऱ्याने नोकरीचा व्हिसा मागावा आणि बायकोने अर्जात 'गृहिणी' लिहावे. मग दोघांनी शिकवावे! जानेवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनेच ते छापले. म्हणजे गोरे लोकही काकूंसारखेच. आपला २०२५ चा परकीय नागरिक कायदाही व्हिसाच्या अटी मोडल्या तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड सांगतो.

पण दोष सगळा मुलींवर टाकू नका. २०१५ पर्यंत एच-४ वाल्या बायकांना कामाची परवानगीच नव्हती. त्या वर्षी मे महिन्यात ओबामा सरकारने ती दिली, तीही ग्रीन कार्डाच्या रांगेत नवरा एका टप्प्यावर पोहोचला असेल तरच. त्याचा लाभ घेणाऱ्यांत बहुतांश भारतीय स्त्रिया. मग ३० ऑक्टोबर २०२५ पासून त्यानंतरच्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढ काढून टाकली. अर्ज वेळेवर दिला, कार्ड उशिरा आले, मुलगी कामावर जात राहिली, की झाले ते काम बेकायदा. दुकानात रोखीने नव्हे, चांगल्या कंपनीत, कर भरून.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर लावले, तेव्हा केवढी ओरड झाली! कार्ड घरी येण्याची वाट पाहत बसलेल्या या बायकांसाठी कोण ओरडले? आपल्या खासदारांना मंडळाने पत्र लिहून हा मुद्दा परराष्ट्र मंत्रालयाकडे नेण्यास सांगावे, असा माझा प्रस्ताव आहे. मसुदा मी आणला आहे, सचिवांकडे देतो.

आणि आपल्या घरापुरते एक. स्थळ पाहताना आपण पत्रिका विचारतो, पगार विचारतो, न्यू जर्सीत घर घेतले का तेही विचारतो. मुलीला कोणता व्हिसा मिळणार आणि तिला काम कधी करता येईल, हे मी तरी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात अजून ऐकलेले नाही.

काकूंच्या मुलीने तिथल्या वकिलाला सगळे सांगितले आणि 'हो' लिहिले. दुकानाचे महिने, दिवस, मिळालेली रक्कम, सगळे जोडून. उत्तर अजून यायचे आहे. काकू दर सोमवारी पासबुक भरायला येतात आणि मान हलवून सांगतात, अजून नाही.