सावली कुणाच्या वाट्याला?



मागच्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आमच्याकडे बाल्टिमोरला आली होती. तिचे गुडघे दुखतात. त्यामुळे तिला फिरायला नेताना मी दोनच गोष्टी बघायचो : वाटेत सावली आहे का आणि टेकायला बाक आहे का. रोलंड पार्कमध्ये मोठमोठी झाडं आहेत, तिथे ती रमली. एक दिवस शहराच्या पूर्व भागात काम होतं, तिलाही बरोबर नेलं. दोन चौक चालली आणि एका घराच्या पायरीवर मटकन बसली. घरातल्या आजींनी पाणी दिलं. आई म्हणाली, "अरे, इथे माणसं राहतात ना? मग झाडं का नाहीत?"

उत्तर जुनं आहे. १९१० साली या शहराने काळ्या-गोऱ्यांनी वेगळ्या गल्ल्यांत राहावं असा कायदाच केला होता. १९३७ साली एका सरकारी संस्थेने शहराचा नकाशा रंगवला. काळ्यांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या. अशा ३७ शहरांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. 'उत्तम' ठरलेल्या भागांवर सरासरी ४३ टक्के झाडांचं छत्र, लाल भागांवर २३. त्याआधी २०२० साली १०८ शहरांच्या अभ्यासात लाल वस्त्या सरासरी २.६ अंश सेल्सियसने जास्त तापलेल्या आढळल्या. वडाच्या पारावर कोण बसायचं आणि कोण लांब उभं राहायचं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग लावा की झाडं! मलाही तसंच वाटलं. आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "पानं कोण झाडणार? फांदी पडली तर?" डेट्रॉइटमध्ये २०११ ते २०१४ दरम्यान सुमारे चौथा हिस्सा लोकांनी दारातलं फुकट झाड नाकारलं होतं. झाडांचा राग नव्हता. कुणी विचारलं नव्हतं आणि निगा आपल्याच गळ्यात पडणार, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

म्हणून माझी विनंती लागवडीच्या रविवारची नाही. तेव्हा फोटोला सगळेच येतात (मीही!). काँक्रीट फोडून लावलेल्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतं. जुलैच्या संध्याकाळी बादल्या उचलायला कोण येईल, त्यांनी नावं द्यावीत. आणि शहराकडे अर्ज करू तेव्हा झाडांसोबत बाकही मागू. जागा मात्र आजी आणि त्यांचे शेजारी ठरवतील.