छापून झालं, पण फाईल कुठे राहिली?

२०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजनेच्या अर्जासाठी आपण सगळ्याच धावलो. तेव्हा मीही मालवण बाजारातल्या एका दुकानात आधारची प्रत काढायला गेले. मोबाइलवरची फाईल तिथल्या मुलाला पाठवली. ती शोधायला त्याने डाउनलोडचा फोल्डर उघडला, तर पडद्यावर कितीतरी बायकांची आधारकार्डं, पासबुकं, रेशनकार्डं! कुणी चोरलेली नव्हती. आपणच दिलेली, पुसायची राहिलेली.

लग्नाला खळ्यात मांडव घालतो ना, तसं संगणकाचं आहे. काम करताना तो फाईलची तात्पुरती प्रत करतो, छापायला दिलं की प्रिंटरसाठी आणखी एक. काम झालं की ती निघायला हवी. पण प्रिंटर मध्येच अडकला किंवा प्रोग्रामच नीट लिहिलेला नसला, तर ती तशीच पडून राहते. लग्न कधीच झालं, मांडव मात्र उभा. कुणीही आत येऊन बसावं. डाउनलोडमधली प्रत तर कुणी पुसेपर्यंत हलत नाही.

ई-आधारला पासवर्ड असतो, म्हणाल. तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. वाडीत हे कुणाला ठाऊक नसतं? मग एक दिवस फोन येतो, समोरचा तुमचं नाव, पत्ता, आधारचा आकडा बरोबर सांगतो, आणि आपण विश्वासाने ओटीपी देऊन बसतो.

मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सांगितलं होतं, की सायबर कॅफेत ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते पत्रक मागे घेतलं. मला तरी सल्ल्यात चूक दिसत नाही.

चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या. फाईल आपल्यासमोर पुसायला सांगा, मग रिसायकल बिनमधूनही. दुकानात व्हॉट्सअ‍ॅप जोडलं असेल, तर मोबाइलमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून लॉग आउट करा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० फिरवा.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो मुलगा जरा चिडला होता. परवा गेले, तर प्रत हातात देत स्वतःच म्हणाला, “काकी, फाईल उडवतंय हां.”