नेमका बाण

कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टै या गावी शंकराला अमृतकलशनाथ म्हणतात. प्रलयात वाहत आलेला अमृताचा कुंभ शंकराने एकाच बाणाने फोडला, अशी त्या परिसराची आख्यायिका आहे. इतका अचूक नेम कर्करोगाच्या चिकित्सेत फार दिवस साधत नव्हता. रोग मारावयाचा, तर शेजारची निरोगी पेशीही होरपळे.

पहिली वाट दाखविली ती गळ्यातील थायरॉइड ग्रंथीने. ही ग्रंथी रक्तातील आयोडीन आपण होऊन ओढून घेते. हा तिचा स्वभाव ओळखून बोस्टन येथे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन दिले. परंतु इतर अवयवांना अशी जन्मजात भूक नसते. तेथे वाटाड्या शोधावा लागतो. काही अंतःस्रावी गाठींच्या पेशींवर एका विशिष्ट हॉर्मोनची ग्राहके दाटीने असतात. त्या हॉर्मोनसारखा एक लहान रेणू घडवितात व त्याला ल्युटेशियम-१७७ चा अणू रासायनिक पिंजऱ्यात कोंडून जोडतात. त्या अणूचे बीटा कण ऊतकांत फार तर दोन मिलिमीटर जातात. त्याचेच गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येऊन औषध कोठे पोचले ते कॅमेऱ्याला दाखवितात. मारणारा आणि साक्ष देणारा असा एकच!

हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव अणुभट्टीत तयार करता येते. ही भट्टी १९८५ साली सुरू झाली. औषधोपचाराची परंपरा त्याहून जुनी. परळचे किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र १९६३ चे.

खरी अडचण काळाची आहे. ल्युटेशियमचे अर्धायुष्य सुमारे साडेसहा दिवस, म्हणजे रोज जवळजवळ दहावा हिस्सा आपोआप नाहीसा होतो. चित्रणासाठी लागणाऱ्या टेक्नेशियमचे तर अवघे सहा तास. आज भरलेल्या कुपीत उद्या या वेळी सोळावा भाग उरेल. म्हणून रुग्णालयात शिशाच्या कवचातून त्याचा जनक, मॉलिब्डेनम-९९, पाठवितात व मिठाच्या पाण्याने त्यातून रोज सकाळी टेक्नेशियम काढून घेतात. प्रयोगशाळेतील मंडळी या यंत्राला गंमतीने गाय म्हणतात, आणि या कामाला दूध काढणे!

ल्युटेशियमला अशी गाय सोबत धाडीत नाहीत. साक्कोट्टैसारख्या गावच्या रुग्णाने मोठ्या शहरातील रुग्णालय गाठावे आणि औषधानेही त्याच दिवशी तेथे यावे, असा मेळ घालावा लागतो. मात्रा मोजतात ती टोचण्याच्या घटकेची, कुपी भरण्याच्या नव्हे. विमानाला उशीर झाला किंवा रुग्णाला त्या दिवशी ताप भरला, तर ते औषध पुढच्या महिन्यासाठी कपाटात ठेवून चालत नाही.