लेकरांच्या शाळेत घराचा वाटा
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही एकाच विषयावर बोलणार आहोत : आपली लेकरे आणि त्यांची शाळा.

सोलापूरला हा विषय नवा नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, ते आपल्या सोलापुरात. मुंबईत सभेने मोफत वाचनालय चालवले, तसा हॉकी क्लबही चालवला. अभ्यास आणि खेळ, दोन्ही हवेत.

पण वसतिगृह, शिष्यवृत्ती ही बाहेरची मदत. घरातली मदत घरानेच द्यायची असते. परळच्या चाळीत एका खोलीत राहताना सुभेदार रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागत, भीमरावांना अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः पाठ टेकत. पुस्तकाला पैसे नसले की लेकीच्या दारी जात. तिचा दागिना गहाण पडे, पेन्शन आली की सुटे.

कुणी म्हणेल, सुभेदार शिकलेले होते, आम्हाला तर सही येत नाही. अहो, पोराला अभ्यासाला उठवायला अक्षरओळख कशाला लागते? आपल्या कितीतरी आयाबाया विड्या वळतात. हात गुंतलेले असतात, कान तर मोकळे असतात ना? "बाळा, धडा मोठ्यानं वाच, मी ऐकते," एवढं म्हणा. पोर कुठे अडखळतं ते आईला लगेच कळतं. नाहीतर त्याला वाचता येत नाही, हे घराला आठवीत कळतं. मग मुलगा यंत्रमागावर आणि मुलगी विडीच्या सुपावर. वडिलांनी तासभर टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवला, तरी मोठा हातभार लागतो.

शाळेत जायची भीडही सोडली पाहिजे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतील व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. शाळेचा कारभार, अनुदानाचा खर्च यांवर समितीने लक्ष ठेवायचे असते. ती खुर्ची आपली आहे, रिकामी ठेवू नका. पालकसभेला गेलं की मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी पाळी लावावी. एकाने जावे, बाकीच्यांना येऊन सांगावे.

आणि शाळा सुटल्यावर पोरगं खेळलं, तर वाया गेलं म्हणू नका. जयंतीच्या लेझमीच्या सरावाला ते वेळेवर येतं, ओळीत पाऊल टाकतं, हीसुद्धा शिस्तच आहे. कडेला घरचं माणूस उभं दिसलं की त्याच्या पावलात बळ येतं.

बंधू-भगिनींनो, आज घरी गेल्यावर लेकराला जवळ घ्या, दप्तर उघडायला लावा आणि विचारा, "आज काय शिकलास?" उत्तर पुरं होईपर्यंत ऐका. सुरुवात तिथूनच होईल.

जय भीम! नमो बुद्धाय!