पायच्या वाटेवरची ७६२ वळणं

नेटवर जमलेल्या मित्रांबरोबर थायलंडमध्ये भाड्याच्या मोटरसायकलवर भटकायचंय? चियांग माई शहर ते पाय गाव हा सुमारे १३० किलोमीटरचा घाटरस्ता ७६२ वळणांसाठी प्रसिद्ध आहे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. त्यात मोटरसायकलची नोंद हवीच, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. गाडी भाड्याने देणारा दुकानदार पासपोर्ट ठेवून घ्यायला बघतो. देऊ नका, रोख अनामत द्या. टाकीवरचा ओरखडा, वाकलेला ब्रेकचा दांडा, सगळ्याचं त्याच्यासमोरच व्हिडिओ चित्रण करा. आणि हो, गप्पांत सगळेच पट्टीचे चालक असतात! म्हणून आधी शहराबाहेर एक फेरी मारून बघा, आणि घाटात सर्वांत सावकाश चालवणाऱ्याला पुढे ठेवा.